वाढत्या चुली, बंद घरे

देशाची शिरगणती सोळा वर्षांच्या खंडानंतर होऊ घातली आहे. २०२१ सालची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबणीवर पडली ती पडलीच. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ लागण्याची मध्यरात्र हा गणनेचा क्षण ठरविला, आणि त्यापूर्वी, २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर ह्या अवधीत, घरांची यादी करण्याचा टप्पा नंतर नेमण्यात आला. ह्या वेळी जातींचीही नोंद व्हावयाची असल्यामुळे सभा-संमेलनांतील सारी चर्चा त्याच एका रकान्याभोवती फिरत आहे. तो रकाना महत्त्वाचा आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्याच कागदावर आणखी एक रकाना असतो, आणि त्याच्याकडे पुढाऱ्यांचे, नगरसेवकांचे व वृत्तपत्रांचेही लक्ष सहसा जात नाही. तो रकाना कुटुंबांचा आहे. गावात माणसे किती, हे सारेच विचारतात. चुली किती, हे कोणी विचारीत नाही.

चूल हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे एका स्वयंपाकघरात शिजलेले अन्न जेवणारी व सामान्यतः एकत्र राहणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. आपल्या भाषेने हा निकष सरकारी खात्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. भाऊ वेगळे झाले असे न म्हणता आपल्याकडे ‘चूल वेगळी झाली’ असेच म्हणतात. शेत सामाईक राहील, अंगण एक राहील, देव एका देव्हाऱ्यात राहतील. पण चूल वेगळी झाली की घर दोन झाले. गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात जो खोल पालट झाला आहे तो ह्या चुलींच्या हिशेबात दिसतो, डोक्यांच्या हिशेबात तो निम्माही दिसत नाही.

ह्याचे उत्तम उदाहरण आमच्या गोदाकाठापासून फार दूर, समुद्रकाठी, रत्नागिरीस सापडते. नांदेडच्या पत्राने रत्नागिरीची चिंता का वाहावी, असे भोकरचा किंवा हदगावचा वाचक विचारील. त्यास उत्तर म्हणून दोन आकडे पुरेत. १९६१ साली रत्नागिरी जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोहोंची मिळून, लोकसंख्या सुमारे १८ लाख २७ हजार होती. त्या वेळी नांदेड जिल्हा अवघा १० लाख ८० हजारांच्या आसपास होता. २०११ साली कोकणचे हे दोन जिल्हे मिळून २४ लाख ६४ हजारांवर होते आणि एकटा नांदेड ३३ लाख ६१ हजारांवर. पन्नास वर्षांत आपण तिपटीहून अधिक झालो; ते दीडपटही झाले नाहीत. तेव्हा रत्नागिरी ज्या वळणावरून गेली त्या वळणाशी आपला संबंध नाही, असे वरवर पाहता वाटेल. आमचे म्हणणे नेमके ह्याच्या उलट आहे.

प्रथम रत्नागिरीची हकीकत पाहू. २००१ ते २०११ ह्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढत असता रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांखाली आली. दोन्ही जिल्ह्यांतून मिळून एक लाखावर माणूस दहा वर्षांत कमी झाला. दुष्काळ नाही, युद्ध नाही, साथ नाही. आणि तरीही एका मध्यम शहराएवढी वस्ती गणतीतून नाहीशी झाली. राज्यात ह्या दोन जिल्ह्यांखेरीज आणखी एकाच जिल्ह्याची लोकसंख्या त्या दशकात घटली, आणि तो म्हणजे खुद्द मुंबई शहर. ह्यातील विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या मुंबईने शंभर वर्षे कोकणचा तरुण ओढून घेतला, त्या मुंबईच्या बेटालाही तो पोसवेनासा झाला. गिरणगावातील ज्या खोल्यांत एकेका वाडीचे वीस-वीस पुरुष पाळीपाळीने निजत आणि खाणावळवाल्या बाईंकडे जेवत, त्या खोल्यांचा काळ १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मावळला. चाकरमानी परळ-लालबाग सोडून दिवा, नालासोपारा, विरारकडे सरकला, आणि तेथे त्याने प्रथमच बायको-मुलांसह स्वतःची चूल मांडली.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. गिरणीच्या काळात मुंबईस पुरुष जाई, कुटुंब कोकणात राही. म्हणूनच त्या जिल्ह्यात पुरुषांहून स्त्रिया अधिक, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले चित्र होते आणि पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरीवर गावाचा संसार चाले. २०११ साली देखील रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आमच्या नांदेडात ९४३. पण दहा वर्षांपूर्वी तोच आकडा ११३६ होता. तो उतरला ह्याचा अर्थ पुरुष परत आले असा करणे धाडसाचे होईल. अधिक संभवनीय अर्थ असा की आता बायकाही निघाल्या. एकटा पुरुष जातो तेव्हा घर उघडे राहते आणि त्याचा जीव त्या घरात अडकलेला असतो. कुटुंबासह जातो तेव्हा मागे म्हातारे राहतात, आणि म्हातारे गेले की कुलूप राहते. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा आता कोकणचा माणूस कोकणात राहील अशी मोठी आशा होती. रेल्वेने येणे सोपे केले, त्याबरोबर जाणेही सोपे केले. गणपतीला गाड्या तुडुंब भरून येतात आणि तशाच भरून परततात. त्या पंधरवड्यात ज्याने कोकण पाहिले त्याला ते ओसाड होत आहे हे सांगूनही पटणार नाही.

रत्नागिरी शहराची गोष्ट मात्र जिल्ह्याहून निराळी दिसते. जिल्हा ओसरत असता शहर सत्तर हजारांवरून शहात्तर हजारांवर गेले. वेंगुर्ले आणि मालवण ही त्याहून लहान बंदरे त्या दशकात जागच्या जागी राहिली: वेंगुर्ले बारा हजारांच्या आणि मालवण साडेअठरा हजारांच्या आसपास. रत्नागिरीची वाढ बेताची आहे. पण ज्याने ते शहर वीस वर्षांनी पुन्हा पाहिले असेल तो म्हणेल की शहर दुप्पट झाले. जुन्या कौलारू घरांच्या जागी चारमजली इमारती उभ्या आहेत, नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव ह्या बाजूंस नव्या वसाहती पसरल्या आहेत. माणसे हद्दीबाहेर राहतात आणि दिवसभर शहर वापरतात, हे एक कारण. दुसरे कारण साध्या भागाकाराचे आहे. शहात्तर हजार माणसे पाचांच्या कुटुंबांत राहिली तर पंधरा हजार दोनशे चुली होतात. तीच माणसे चारांच्या कुटुंबांत राहिली तर एकोणीस हजार. एकही मूल न जन्मता, एकही पाहुणा न येता, शहरात तीन हजार आठशे घरे अधिक लागतात. तितके नळ, तितके विजेचे मीटर, तितके शौचकूप, तितक्या शिधापत्रिका. हा हिशेब आम्ही केवळ उदाहरणादाखल केला आहे; पण २०११ च्या गणनेत राज्यातील सरासरी कुटुंब पाचांहून खाली, साडेचारांच्या किंचित वर आले होते, हे वास्तव आहे, आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १.७ वर आले होते, हेही. दोहोंहून एक दशांश अधिक असेल तर पिढी जागच्या जागी टिकते. आपण त्या रेषेखाली बरेच आलो आहोत.

त्या नव्या इमारतींत राहते कोण? बदलीवर आलेला नोकरदार, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेली आई, निवृत्त होऊन मुंबईहून परतलेले जोडपे. आणि कित्येक सदनिकांत कोणीच नाही: मालक मुंबईला, किल्ली शेजाऱ्याकडे. पलीकडे आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदाराचे कुटुंब राहते, मासेमारीच्या होड्यांवरही नेपाळी खलाशी दिसतात. बागेचा मालक विरारमध्ये मोजला जाणार आणि बागेत चूल पेटविणारा मनुष्य त्या गावात मोजला जाणार, किंवा कदाचित कोठेच मोजला जाणार नाही. गावातील मूळ घराची अवस्था आणखी विचित्र. चूल एकही नाही, पण सातबाऱ्यावर नावे तीस. आजोबांच्या मागे वारस वाढत गेले, वाटणी झाली नाही, आणि आता घर विकावयाचे म्हटले तरी तीस सह्या हव्यात, कौले फिरवावयाची म्हटली तरी खर्च कोणी करावयाचा ह्यावर एकमत नाही. कुटुंब आकुंचन पावते तसा सातबारा फुगतो, हा आमच्या महसुली व्यवस्थेचा एक खासा चमत्कार आहे.

बंद घरांचा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. २०११ च्या गणनेत देशभर सुमारे २ कोटी ४६ लाख घरे रिकामी आढळली. केरळात पथनमथिट्टा आणि इडुक्की ह्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या त्याच दशकात घटली. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत रिकामी घरे नव्वद लाखांच्या घरात गेली. पण जपान श्रीमंत होऊन म्हातारा झाला. कोकण श्रीमंत होण्याच्या आधीच म्हातारे होत आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरत चालला आहे, आणि रुग्णालयात नेण्यास घरात तरुण माणूस नाही ही तक्रार वाडीवाडीत ऐकू येते.

आणि ह्या साऱ्याची किंमत राजकीयही असते. २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांची जी फेररचना झाली व २००८ साली अमलात आली, तीत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा सातांवरून पाचांवर आणि सिंधुदुर्गाच्या चारांवरून तीनांवर आल्या. नाथ पै आणि मधु दंडवते ह्यांनी लोकसभेत ज्याचे नाव गाजविले, तो राजापूर मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. कोकणचा माणूस कमी झाला नव्हता. तो दुसरीकडे मोजला गेला होता.

आता भोकरकडे वळू.

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेजवळचे हे तालुक्याचे गाव वाढते आहे, हे डोळ्यांना दिसते. रस्त्याकडेची शेते अकृषिक होत आहेत, भूखंडांचे दगड रोवले जात आहेत. नांदेड जिल्हा २००१ ते २०११ ह्या काळात सुमारे सतरा टक्क्यांनी वाढला, तेव्हा तालुक्याची गावे वाढणार हे ओघानेच आले. वाढत्या गावाच्या पुढाऱ्यांस ही वाढ फार आवडते. हद्दवाढ, नव्या नळयोजना, नव्या जागा ह्यांची भाषा सुरू होते. आमचे निवेदन एवढेच की ही वाढ कशाची आहे हे आधी पाहावे.

तालुक्यातील एखादे शेतकरी कुटुंब घ्या. म्हातारा-म्हातारी खेड्यात, कारण जनावरे आणि सोयाबीन-कापसाचे रान सोडवत नाही. सून दोन मुलांना घेऊन भोकरला खोली करून राहते, कारण शाळा तेथे आहे. मुले मोठी झाली की हीच खोली नांदेडला किंवा लातूरला जाते, कारण शिकवण्या तेथे आहेत. मुलगा पुण्यास, चाकणच्या कारखान्यात किंवा हैदराबादेत बांधकामावर. वीस वर्षांपूर्वी हे सहा जणांचे एक कुटुंब होते. आज त्याच्या तीन चुली आहेत, आणि जनगणनेच्या दृष्टीने ती तीन कुटुंबे आहेत. शेत तेच, उत्पन्न जवळपास तेच. भाडी मात्र दोन ठिकाणची, गॅसच्या टाक्या तीन, आणि आजारपण आले की धावाधाव तिन्ही ठिकाणी. भोकरची लोकसंख्या ह्या व्यवहारात तिघांनी वाढली, हे खरे. परंतु त्या तिघांत मिळवता माणूस एकही नाही. रत्नागिरीच्या नव्या इमारतींत आम्ही जी आई पाहिली तीच ही आई. किनारा आणि पठार ह्यांमधील अंतर इतकेच की कोकणात हा प्रवास शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला आणि आमच्याकडे एका पिढीपूर्वी. आमच्या खेड्यांची मूळ संख्या अद्याप मोठी असल्याने तो आकड्यांत दिसत नाही एवढेच.

दुसरा आणि अधिक कठोर प्रकार ऊसतोडीचा. मराठवाड्यातून दरसाल लाखो मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आमच्या जिल्ह्यातही मुखेड-कंधारच्या डोंगरपट्ट्यातून आणि ठिकठिकाणच्या तांड्यांवरून ही वाट वाहते. मुकादमाची उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणूस, कुटुंब, मजूर हे सारे शब्द गळून हत्याराचे नाव तेवढे उरावे, ह्यावर वेगळी टीका करण्याचे कारण नाही. जोडी असेल तरच कोयता पुरा, म्हणून पोराचे लग्न लवकर उरकण्याची घाई होते. म्हणजे ऊस आमच्या कुटुंबांची संख्याच काय, त्यांचा आकार आणि वयही ठरवितो. हंगामभर तांड्यावर म्हातारी आणि शाळकरी मुले राहतात. जोडपी फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात.

आणि शिरगणती नेमकी फेब्रुवारीत. २०११ साली ती ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली होती. गणनेच्या सबंध अवधीत जो घरापासून दूर असतो त्याला घरी मोजता येत नाही, तो जेथे असेल तेथे मोजावयाचा, असा नियम आहे. नियमात चूक नाही. कोठेतरी एकदाच मोजले पाहिजे. परंतु उसाच्या फडातील कोपीपर्यंत मोजणारा खरोखर पोहोचेल काय, आणि पोहोचला तरी चार दिवसांनी दुसऱ्या गावी हललेली टोळी त्याला सापडेल काय, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. सापडली तर ती माणसे सांगली-कोल्हापूरच्या खात्यावर जमा होतील आणि न सापडली तर कोणाच्याच नाही. भोकरच्या किंवा मुखेडच्या खात्यावर त्यांची वजाबाकी मात्र दोन्ही परींनी होईल. कोकणचा चाकरमानी बारा महिने मुंबईत राहतो, म्हणून त्याला तेथे मोजणे निदान न्याय्य आहे. आमचा मजूर वर्षातून सहा-सात महिने येथले पाणी पितो, येथल्या दुकानातून धान्य घेतो, येथल्या दवाखान्यात बाळंत होतो. ऐन गणतीच्या महिन्यातच तो येथे नसतो.

ह्यात केवढे अडलेले आहे ते धान्यावरून पाहा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांस स्वस्त धान्याचा हक्क दिला. प्रत्येक राज्याचा आकडा २०११ च्या लोकसंख्येवर बसविला गेला. महाराष्ट्रास सुमारे सात कोटी लाभार्थींची मर्यादा आली, आणि तीच मर्यादा खाली जिल्ह्या-तालुक्यांस वाटून दिली गेली. त्यानंतर ज्यांच्या चुली वेगळ्या झाल्या त्यांना नवी पत्रिका मागताना ‘इष्टांक भरला’ हे उत्तर ऐकावे लागते. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचे अनुदान वाटताना आधार घेतला तो २०११ च्याच लोकसंख्येचा. राज्यातील नगरपरिषदांच्या २०२५ च्या निवडणुकांत प्रभाग आखले गेले तेही चौदा वर्षांपूर्वीच्या त्याच आकड्यांवर. २०२७ चा आकडा एकदा कागदावर आला की तोही असाच दहा-पंधरा वर्षे मानगुटीस बसणार. फेब्रुवारीच्या तीन आठवड्यांत जे निसटेल ते मग अर्ज-विनंत्यांनी परत येत नाही.

कोणी म्हणेल की जनगणना हे केंद्राचे काम, तालुक्याच्या गावाने त्यात काय करावे? आमच्या मते पुष्कळ करता येण्याजोगे आहे, आणि त्यास फार पैसाही लागत नाही. नगरपरिषदेच्या कर-वसुलीच्या वहीत प्रत्येक मालमत्तेची नोंद असते. तिच्याशेजारी एक रकाना वाढवून घर उघडे, भाड्याने दिलेले, हंगामी की कायम बंद, एवढे लिहावे. भाडेकरूंच्या चुली किती हे त्याच फेरीत विचारावे. जनगणनेच्या घरयादीत बंद घर आणि रिकामे घर ह्यांत भेद केला जातो. तो भेद घाईत मिटू नये म्हणून ही स्थानिक वही मोजणाऱ्याच्या हाती असली पाहिजे. घरयादीच्या आकड्यांनी हुरळून जाण्याचेही कारण नाही. उन्हाळ्यात मजूर घरी असतो, चाकरमानीही आंब्यासाठी आलेला असतो. मे महिन्यात भरलेले दिसणारे घर फेब्रुवारीत ओस असते. दोन्ही फेऱ्यांतील फरक गावनिहाय ताडून पाहिला तर स्थलांतराचा जितका खरा नकाशा हाती येईल तितका कोणत्याही समितीच्या अहवालातून येणार नाही.

तांड्यांसाठी ह्याहून तातडीचे काम आहे. मुलांच्या हंगामी वसतिगृहांसाठी शाळांतून स्थलांतरित पालकांच्या याद्या होतात; ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई ह्यांना तर कोणती जोडी कोणत्या मुकादमाबरोबर कोठे गेली हे यादीविना ठाऊक असते. ही माहिती एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयाने ज्या जिल्ह्यांत आमचे मजूर जातात तेथील कार्यालयांस, आणि साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांस, आगाऊ पाठविली, तर निदान फडावरची कोपी कोणत्या गटात आहे हे तेथील मोजणाऱ्यास कळेल. टोळ्या दिवाळीस निघतात. मुकादमांची उचल त्याआधीच, पावसाळ्यात, वाटली जाऊ लागते. यादीचे काम त्याच सुमारास सुरू झाले तरच गाड्या भरण्यापूर्वी ते पुरे होईल.